घड्याळ लावा, दहा सेकंद द्या

पूर्व नागपुरातल्या एका शाळेचा हॉल. मे महिना, रविवार, वर सहा पंखे आणि त्यातले दोन बंद, खाली सतरंजीवर ओळीनं मांडलेले चेसचे तीसेक पट. माझी भाची नऊ वर्षांची, तिचा पाचवा राउंड चालू होता आणि समोर चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा. डाव सुरू झाला तेव्हा घड्याळ नव्हतं. ज्यांची पोरं अशा स्पर्धा खेळतात त्यांना हे माहीत आहे, आधी सगळे बिनघड्याळाचे खेळतात आणि मग ज्यांचा डाव लांबतो त्यांच्या पटाशेजारी आर्बिटर म्हणजे पंच घड्याळ आणून ठेवतात, तीन मिनिटं तुला, तीन मिनिटं तुला, खेळा. इथंही तसंच झालं. बाकीचे पट उठले होते, आयोजकांना पुढच्या राउंडची पेअरिंग, म्हणजे जोड्या, लावायची घाई होती, आणि घड्याळ आलं.

भाचीनं त्या दिवसापर्यंत चेसच्या घड्याळाला हात लावलेला नव्हता. तिच्याकडे हत्ती आणि एक प्यादं, त्याच्याकडे नुसती दोन प्यादी, म्हणजे डाव तिच्याच बाजूचा. पण ती चाल करायची, पटाकडे पाहत बसायची, मग तिला आठवायचं की बटण दाबायचं राहिलं. एकदा उजव्या हातानं चाल केली आणि डाव्या हातानं बटण दाबलं, तर तो पोरगा ओरडला, आणि नियमानं तो बरोबर होता, ज्या हातानं चाल केली त्याच हातानं घड्याळ दाबायचं असतं. पण हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तरी तिनं त्याची दोन्ही प्यादी मारली. आता त्याच्याकडे फक्त राजा, एकटा. ती हत्तीनं एकेक ओळ तोडत त्या राजाला कडेला नेत होती, ओठ दाताखाली धरून, आणि तिच्या बाजूला शून्य आलं.

"टाइम संपला, हारली," आर्बिटर म्हणाले आणि समोरच्याला एक पॉइंट लिहिला.

मी म्हटलं, सर, समोर नुसता राजा आहे, हा ड्रॉ होतो. ते म्हणाले, "भाऊ, टाइम गेला म्हणजे हारली. तुम्ही काऊन मधात बोलून राहिले? इथं आमचे रूल आहेत."

इथंच माझं म्हणणं सुरू होतं. फिडे म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ, त्यांचा नियम याबाबतीत अगदी साफ आहे. एखाद्याचा वेळ संपला आणि समोरच्याकडे मात करण्याइतकं मोहरंच नसेल, कुठल्याही चालींनी मात होऊच शकत नसेल, तर डाव बरोबरीत सुटतो. नुसत्या राजानं मात होत नाही, हे तर आपण पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. म्हणजे माझ्या भाचीचा अर्धा पॉइंट होता आणि तो गेला. परत येताना स्कूटीवर ती वर्धमान नगरच्या चौकापर्यंत गप्प होती आणि सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाली, "मामा, त्याच्याकडे काहीच नव्हतं ना, मग तो जिंकला कसा?" मी तिला खरं ते सांगितलं, की तो जिंकला नव्हता.

अर्ध्या पॉइंटसाठी एवढं लिहायची गरज काय, असं घरच्यांनीही विचारलं. गरज आहे, कारण हे एका रविवारचं नाही. रॅपिड आणि ब्लिट्झ म्हणजे वेगवान बुद्धिबळ हा आज जगज्जेतेपदाचा, पूर्ण इज्जतीचा खेळ आहे, आणि आपल्या नागपुरातली बहुतेक पोरं जे काही स्पर्धात्मक चेस खेळतात ते हेच असतं, एका दिवसाचं, वेगवान. आणि तोच खेळ आपण त्यांना अर्ध्या नियमांवर खेळवून राहिलो. घड्याळ नाही, असलं तर मधूनच येतं, इन्क्रिमेंट म्हणजे प्रत्येक चालीला मिळणारे वाढीव सेकंद नाहीत, आर्बिटरला नियम माहीत नाहीत, आणि वरून म्हणायचं की रॅपिडच आहे हो, मजेसाठी आहे. मला हे चुकीचं वाटतं आणि हे बदलायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

आता आठवा, 28 जुलै 2025, सोमवार. जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाची फायनल, आपली दिव्या देशमुख 19 वर्षांची आणि समोर कोनेरू हंपी, 38 वर्षांची, म्हणजे वयानं बरोबर दुप्पट. क्लासिकलचे, म्हणजे लांब वेळेचे, दोन्ही डाव बरोबरीत सुटले होते. वर्ल्ड कप ठरला तो बरोबरी फोडणाऱ्या टायब्रेकमध्ये, रॅपिडमध्ये, 15 मिनिटं आणि प्रत्येक चालीला 10 सेकंद वाढीव. पहिला रॅपिड डाव ड्रॉ, दुसरा दिव्यानं काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. अडीच-दीड. त्या शेवटच्या डावात दोघींच्याही घड्याळात वेळ कमी उरला होता आणि चुका दोघींकडूनही झाल्या, ज्यांनी लाइव्ह पाहिलं त्यांना आठवत असेल, कोण पुढं आहे ते सांगणारा कॉम्प्युटर इंजिनचा तो आकडा कसा वर-खाली होऊन राहिला होता. त्या एका डावानं दिव्या भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली, एकही नॉर्म, म्हणजे किताबासाठी स्पर्धेत करावी लागणारी ठरावीक कामगिरी, हातात नसताना, कारण वर्ल्ड कप जिंकणाऱ्याला थेट किताब मिळतो. त्याआधी क्वार्टर फायनलला हरिका द्रोणवल्लीलाही तिनं टायब्रेकमध्येच हरवलं होतं. आणि त्याच्या महिनाभर आधी लंडनला, टीम रॅपिड-ब्लिट्झच्या स्पर्धेत, होऊ यिफानला ब्लिट्झमध्ये हरवलं, जी तेव्हा रेटिंगनं जगातली एक नंबरची महिला खेळाडू होती.

म्हणजे नागपूरला ज्या विजयासाठी आपण एअरपोर्टवर ढोल-ताशे घेऊन गेलो, तो विजय घड्याळावरचा होता. 15 मिनिटं अधिक 10 सेकंद. हे कोणी बोललंच नाही. होर्डिंग लागली, सत्कार झाले, राज्य सरकारनं तीन कोटी दिले आणि योग्यच केलं, पोरीनं ते कमावलंय. पण त्या 10 सेकंदांचं काय, ते आपल्या पोरांना कधी मिळणार, हा प्रश्न मी त्या सगळ्या भाषणांमध्ये ऐकला नाही.

आणि हे फक्त बातुमीचं नाही. खुल्या गटाचं जगज्जेतेपद घ्या. 2016 ला न्यूयॉर्कमध्ये कार्लसन आणि कार्याकिन, बारा डावांनंतर बरोबरी, निकाल रॅपिडवर. 2018 ला लंडनमध्ये कार्लसन आणि कारुआना, बाराच्या बारा डाव ड्रॉ, आणि मग रॅपिडमध्ये 3-0. 2023 ला अस्तानामध्ये डिंग लिरेन आणि नेपोम्नियाची, निकाल रॅपिडच्या चौथ्या डावात. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या शेजारी गोव्यात वर्ल्ड कप झाला, सिंदारोव्हनं वेई यीला हरवलं, टायब्रेकमध्येच. तर मग "खरं बुद्धिबळ क्लासिकल, बाकी टाइमपास" हे वाक्य आपल्याकडचे जुने जाणते लोक अजून कशाच्या आधारावर म्हणतात मला समजत नाही. रॅपिड आणि ब्लिट्झच्या तर स्वतःच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा आहेत, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भरतात, आनंदनं 2017 ला रियाधमध्ये रॅपिडचं जगज्जेतेपद जिंकलं तेव्हा तो 48 वर्षांचा होता आणि त्या स्पर्धेत एकही डाव हरला नाही. वेगवान खेळ म्हणजे पोरासोरांच्या बोटांचा खेळ, हे म्हणणाऱ्यांनी तो निकाल एकदा पाहावा. हंपीनं महिलांचं रॅपिडचं जगज्जेतेपद दोनदा जिंकलंय, 2019 ला मॉस्कोत, मुलगी झाल्यानंतर परत खेळायला लागल्यावर, आणि 2024 ला न्यूयॉर्कमध्ये. न्यूयॉर्कला तर पहिल्याच राउंडला हरली होती. पहिला राउंड हरून 11 राउंडमध्ये 8.5 पॉइंट. मी हे भाचीला सांगितलं तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "तिला घड्याळ कोणतं होतं?"

तिचा प्रश्न बरोबर आहे. वेगवान बुद्धिबळात घड्याळ म्हणजे पटावरचं तेहेतिसावं मोहरं समजा. 15 मिनिटं अधिक 10 सेकंद म्हणजे काय ते नीट समजून घ्या. डावाच्या सुरुवातीला 15 मिनिटं, आणि प्रत्येक चाल करून बटण दाबलं की 10 सेकंद परत जमा. साठ चालींचा डाव झाला तर दहा मिनिटं वाढली, म्हणजे एका खेळाडूला 25 मिनिटं. ब्लिट्झला 3 मिनिटं अधिक 2 सेकंद, साठ चालींना पाच मिनिटं. हे वाढीव सेकंद कशासाठी, तर जो डाव मोहऱ्यांवर जिंकलेला आहे तो हातांच्या वेगानं हरू नये. राजा आणि हत्तीनं एकट्या राजाला मात करायला नीट खेळलं तर जास्तीत जास्त 16 चाली लागतात. प्रत्येक चालीला 10 सेकंद मिळाले तर नऊ वर्षांची पोरगीही ती मात करते, माझी भाची घरी रोज करते, मी बघतो. इन्क्रिमेंट नसेल तर त्याच पोझिशनमध्ये समोरचा पोरगा राजा इकडून तिकडे भराभर नाचवत राहतो, आणि त्याला माहीत असतं की मात वाचवायची गरजच नाही, घड्याळ वाचवेल. यात त्या पोराचा दोष नाही. आपण त्याला हेच शिकवून राहिलो की मोहरी गेली तरी चालतील, फ्लॅग पाड, म्हणजे समोरच्याचा वेळ संपव.

रॅपिडमध्ये चाली लिहून ठेवायचं बंधन नसतं. क्लासिकलला शीटवर सगळा डाव असतो, भांडण झालं तर आर्बिटर शीट पाहून निकाल देतो. इथं शीट नाही. जे काही आहे ते घड्याळ आणि आर्बिटरचे डोळे. म्हणजे ज्या प्रकारात आर्बिटर सर्वात तयार पाहिजे, त्याच प्रकाराला आपण सर्वात कच्चा माणूस देतो, बऱ्याचदा शाळेचे पीटीचे सर किंवा एखादा कॉलेजचा पोरगा, बिचारा सकाळपासून उपाशी, त्याला कोणी नियमांचं पुस्तक दिलेलं नाही. कुठं पहिल्याच चुकीच्या, म्हणजे नियमात न बसणाऱ्या, चालीला डाव हरला म्हणून सांगतात. नियम असा आहे की पहिल्या चुकीच्या चालीला समोरच्याला वाढीव वेळ मिळतो, रॅपिडला दोन मिनिटं, ब्लिट्झला एक, आणि दुसऱ्या वेळी डाव जातो. कुठं इन्क्रिमेंट द्यायला घड्याळच तसं नसतं. त्यासाठीही फिडेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सोय आहे, स्पर्धेआधी जाहीर केलेलं असेल तर रॅपिडमध्ये दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला खेळाडू आर्बिटरला म्हणू शकतो की शक्य असेल तर दोघांनाही प्रत्येक चालीला पाच सेकंद वाढवून द्या. किती पोरांना हे सांगितलं जातं? मी तरी एकाही हॉलमध्ये हे माइकवर ऐकलेलं नाही.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आणि ते मी हलक्यात घेत नाही. बरेच कोच म्हणतात की वेगवान खेळानं पोरांचा विचार करायचा धीर जातो. फोनवर एक-एक मिनिटाचे डाव, रात्री अकरा वाजता पांघरुणात, हे मी पाहिलंय आणि मलाही ते आवडत नाही. पोरगं उंट फुकट देतं आणि पर्वा नाही, पुढचा डाव दोन सेकंदांत सुरू. ही सवय पटावर येते, हे खरं आहे. आणि नेहमीच्या वाटेनं ग्रँडमास्टरचा किताब हवा असेल तर 2500 रेटिंग आणि नॉर्म्स क्लासिकलमध्येच करावे लागतात, रॅपिड-ब्लिट्झचं तिथं काही चालत नाही, हेही खरं. रौनक साधवानी 2019 ला तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, संकल्प गुप्ता 2021 ला झाला, दोघंही आपल्याच शहराचे, दोघांनीही तो किताब लांब डाव खेळूनच कमावला. पाया क्लासिकलचाच, यावर माझा काही वाद नाही.

पण फोनवरचा एक मिनिट आणि हॉलमधले 15 अधिक 10 हे एक नाही. एकात बोट जिंकतं, दुसऱ्यात डोकं. आणि गंमत म्हणून नाही, खरंच लक्षात घ्या, ऑनलाइनची जी एक मोठी स्पर्धा आहे, स्पीड चेस चॅम्पियनशिप, जिथं नाकामुरानं 2018 ते 2022 सलग पाच वेळा बाजी मारली आणि नंतर कार्लसननं ती परत घेतली, तिथं 5 मिनिटांचे डाव असतात, मग 3 चे, मग शेवटी 1 मिनिटाचे. त्या एक मिनिटाच्या डावालाही प्रत्येक चालीला एक सेकंद वाढीव मिळतो. जगातले सर्वात वेगवान दोन हात समोरासमोर, तरी त्यांना एक सेकंद दिला जातो, कारण आयोजकांना माहीत आहे की तो सेकंद काढला तर खेळ बटणांचा होईल. आणि आपण नऊ वर्षांच्या पोरीला, जिनं घड्याळ पहिल्यांदा पाहिलं, शून्य सेकंद देतो. म्हणजे ज्या वाईट सवयीबद्दल कोच तक्रार करतात, घाईनं खेळायची, फ्लॅगवर जिंकायची, ती सवय लावणारं आपलं बिनइन्क्रिमेंटचं घड्याळही तेवढंच जबाबदार आहे. फोनला एकट्याला दोष देऊन चालणार नाही.

मला सर्वात जास्त वाटतं ते याच्याबद्दल: क्लासिकल खेळायला पैसा लागतो. नऊ राउंडची रेटिंग स्पर्धा म्हणजे चार-पाच दिवस, कधी आठवडा, बहुतेक वेळा दुसऱ्या शहरात, पुणे, मुंबई, भोपाळ, सोबत आई किंवा बाबा, रेल्वेचं रिझर्व्हेशन, लॉज, दोन वेळचं जेवण, एंट्री फी, शाळेची सुट्टी, आणि बाबांची कामावरची सुट्टी जी प्रत्येकाला मिळत नाही. त्या मेच्या हॉलमध्ये माझ्या शेजारी एक बाबा बसले होते, पारडीकडून ऑटो घेऊन आलेले, ऑटो बाहेर सावलीत उभा, पोरगा आत खेळून राहिला होता. ते म्हणाले, "रविवारचा धंदा सोडून आलो, पोराले हौस आहे." या माणसाच्या पोरासाठी क्लासिकल नाही, भाऊ. त्याच्यासाठी ही एका दिवसाची रॅपिड म्हणजेच बुद्धिबळ. यातूनच कोणाच्या तरी नजरेत येईल, यातूनच कोणी कोच म्हणेल की पोरगं चांगलं आहे, फी राहू द्या, पाठवा. दिव्याला घडवणारे तिचे पहिले कोच राहुल जोशी सर या शहरातलेच, बातुमीहून आल्यावर एअरपोर्टवर तिनं घरच्यांबरोबर त्यांचंही नाव घेतलं, ते आता नाहीत. अशी नजर असलेला माणूस पोराला कुठं पाहणार? अशाच हॉलमध्ये. आणि तिथं निकालच चुकीचे लागत असतील तर चांगलं पोरगं तिसऱ्या टेबलवर न जाता सतराव्या टेबलवर जातं, स्विस पद्धतीत सारख्या पॉइंटवाल्यांच्या जोड्या लागतात, जास्त पॉइंटवाले पुढच्या टेबलांवर, म्हणून अर्धा पॉइंट गेला की पुढची सगळी पेअरिंग बदलते, आणि तो कोच पहिले पाच टेबल पाहून निघून जातो.

आयोजक म्हणतात वेळ पुरत नाही. मी शांतपणे हिशोब मांडतो. 10 मिनिटं अधिक 5 सेकंद ठेवा. साठ चालींचा डाव म्हणजे एकाला 15 मिनिटं, दोघांचे मिळून अर्धा तास. फार लांबला तर चाळीस मिनिटं. सहा राउंड करा, मध्ये पेअरिंगला दहा-दहा मिनिटं. सकाळी 9 ला सुरू केलं तर दुपारी दोनच्या आसपास बक्षीस समारंभ. बिनघड्याळाच्या पद्धतीत काय होतं ते आठवा, वीस पट पंधरा मिनिटांत उठतात, दोन पट तासभर चालतात, सगळी पोरं बाहेर उन्हात पळत राहतात, आणि मग शेवटी कंटाळून घड्याळ मधात ठेवायचं. वेळ तिथं जास्त जातो. घड्याळ सुरुवातीपासून असेल तर राउंड कधी संपणार हे आधीच माहीत असतं.

दुसरं म्हणतात खर्च. मी भाचीसाठी इन्क्रिमेंटवालं डिजिटल घड्याळ घेतलं ते दोन हजारांच्या आत आलं. तीस पटांना तीस घड्याळं, साठ हजारांच्या आत, आणि ही एकदा घ्यायची वस्तू आहे, सेल बदलत राहायचे. साठ पोरांची एंट्री फी, स्टेजवरचा फ्लेक्स, पाहुण्यांचे शाल-श्रीफळ, तीन फुटी ट्रॉफ्या, हे सगळं दरवर्षी होतं. दोन-तीन वर्षं ट्रॉफ्या लहान ठेवल्या तर घड्याळं येतात. आणि प्रत्येक आयोजकानं घ्यायचीही गरज नाही, शहरात शे-दोनशे घड्याळांचा एक साठा असावा, महापालिकेनं घ्यावा किंवा कोणा दानशूर माणसानं द्यावा, ज्याची स्पर्धा असेल त्यानं डिपॉझिट भरून न्यावा आणि सोमवारी परत करावा, जसे आपण लग्नाला डेकोरेशनवाल्याकडून गाद्या-सतरंज्या नेतो तसे. महापालिकेच्या शाळांमधल्या पोरांना तर हे घड्याळ आधी महिनाभर हाताळायला मिळालं पाहिजे. पहिल्यांदा घड्याळ पाहणं आणि पहिल्यांदा हरणं एकाच दिवशी होऊ नये.

एक गोष्ट राहिली, न्यूयॉर्कची. 2024 च्या डिसेंबरमध्ये वॉल स्ट्रीटवर जागतिक रॅपिड-ब्लिट्झ झाली तेव्हा सगळीकडे कार्लसनच्या जीन्सची चर्चा होती, त्याला 200 डॉलरचा दंड झाला, कपडे बदलायला नाही म्हणाला, रॅपिड सोडून गेला, मग फिडेनं कपड्यांचा नियम सैल केला आणि तो ब्लिट्झला परत आला. ते सोडा. मला लागलं ते 31 डिसेंबरला ब्लिट्झच्या फायनलमध्ये जे झालं त्याचं. कार्लसन नेपोम्नियाचीविरुद्ध 2-0 नं पुढं होता, नेपोनं दोन डाव जिंकून 2-2 केलं, मग सडन डेथ, तीन डाव ड्रॉ, आणि नियम होता की कोणीतरी एक जिंकेपर्यंत खेळायचं. कार्लसन म्हणाला वाटून घेऊ, आणि वाटून दिलं. जगज्जेतेपद दोघांना. त्याच दिवशी त्याच हॉलमध्ये महिलांच्या फायनलला जू वेनजुन आणि लेई तिंगजी, त्यांचीही 2-2 झाली, सडन डेथला पहिला डाव ड्रॉ, तरी त्या खेळत राहिल्या आणि जू वेनजुन 3.5-2.5 नं जिंकली. मला त्या दोघी जास्त मोठ्या वाटतात. नियम आधी सांगितला होता, थकवा त्यांनाही होता, नवं वर्ष त्यांनाही साजरं करायचं असेल.

मी हे इथं आणतोय कारण मला त्या आर्बिटरचं वाक्य विसरता येत नाही, इथं आमचे रूल आहेत. मोठ्या खेळाडूसाठी वर नियम वाकतो आणि छोट्या पोरीसाठी खाली नियम मोडतो, दोन्हीकडे एकच कारण देतात की आता फार उशीर झाला, संपवू या. वेगवान खेळात वेळ हीच सगळी गोष्ट असते, तिथं "उशीर झाला" हे कारण चालूच शकत नाही. न्यूयॉर्कला आपण काही करू शकत नाही. पण नंदनवन, महाल, मानेवाडा, कामठी, हिंगणा इथल्या हॉलमध्ये आपण करू शकतो, उद्यापासून करू शकतो.

माझं मागणं फार मोठं नाही. स्पर्धेच्या पत्रकावर बक्षिसाच्या रकमेच्या वर वेळ छापा, किती मिनिटं आणि किती सेकंद. पहिल्या राउंडआधी पाच मिनिटं माइकवर नियम सांगा, मराठीत आणि हिंदीत, पोरांना समजेल असे, की त्याच हातानं घड्याळ दाबायचं, चुकीची चाल झाली तर काय, वेळ संपला पण समोर नुसता राजा असला तर काय. घड्याळ पहिल्या चालीपासून प्रत्येक पटावर. एवढी घड्याळं नसतील तर पोरं कमी घ्या, नाहीतर दोन पाळ्या करा. आणि किमान एक तरी आर्बिटर असा पाहिजे ज्यानं परीक्षा दिलेली आहे, त्याचं मानधन नीट द्या. पालकांनीही एंट्री भरायच्या आधी फोन करून एकच प्रश्न विचारावा, इन्क्रिमेंट किती? मी मागच्या महिन्यात एका स्पर्धेच्या नंबरवर फोन केला, पलीकडचे सर म्हणाले, "कायचं इन्क्रिमेंट?" मी त्यांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पंधरा मिनिटं बोललो आम्ही, आणि शेवटी ते म्हणाले की घड्याळं नाहीत हो आमच्याकडे, असती तर लावली असती. मला ते खरं वाटलं.

म्हणून आम्ही चार घरच्या पालकांनी मिळून सध्या आठ घड्याळं जमवली आहेत. दिवाळीपर्यंत बारा होतील. ज्याला आपल्या शाळेत किंवा कॉलनीत पोरांची स्पर्धा घ्यायची आहे त्यानं सांगावं, पैसे नकोत, सकाळी आठला घड्याळं घेऊन येतो, 10 अधिक 5 लावून देतो, पोरांना बटण कसं दाबायचं ते भाची दाखवेल. वरच्या आठ टेबलांना सगळेच लावतात, आमची अट एवढीच की आमची आठ घड्याळं शेवटच्या आठ टेबलांवर लागतील.